कुरणापर्यंत गेलेली शाळा : ताराबाई मोडक

३१ ऑगस्ट हा पद्मभूषण ताराबाई मोडक यांचा स्मृतिदिन. बालवाडी आणि अंगणवाडी हे शब्द आज खेड्यापाड्यांतल्या आजीबाईंच्याही तोंडी आहेत. पण हे शब्द ज्यांच्या कामातून रुजले, त्या बाईंचे नाव मात्र नव्या पिढीला फारसे ठाऊक नाही. आपल्या प्राथमिक विभागाच्या सहलीविषयी विश्वस्त, शिक्षक आणि पालक यांच्यात सध्या विचारविनिमय चालू आहे. अशा वेळी, लहान मुलांना घेऊन चार भिंतींच्या बाहेर जाणाऱ्या ताराबाईंचे चरित्र सर्वांसमोर ठेवावे असे आम्हांस वाटले.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरच्या त्या केळकर. वडील सदाशिवराव हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. आई उमाबाई बालविधवा होत्या व त्यांचा पुनर्विवाह झाला होता. त्या काळात अशा घराकडे समाज कोणत्या नजरेने पाहत असे, हे विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला आज समजणे कठीण आहे. लोक काय म्हणतील यापेक्षा योग्य काय आहे हे पाहण्याचे वळण मात्र त्या घरातूनच ताराबाईंना मिळाले. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. मुलींनी चार इयत्ता शिकणे हीच मोठी गोष्ट मानली जाई, त्या वेळची ही हकीकत आहे.

लग्नानंतर त्या अमरावतीला गेल्या. पती वकील होते. संसार मात्र सुखाचा झाला नाही आणि १९२१ च्या सुमारास त्या लहानग्या मुलीला घेऊन वेगळ्या झाल्या. पोटासाठी आणि स्वाभिमानासाठी नोकरी हवी होती. राजकोटच्या बार्टन महिला अध्यापन महाविद्यालयात त्यांना प्राचार्यपद मिळाले. पगार चांगला होता, मान होता. शिक्षिका घडवण्याचे काम करता करता आपल्या मुलीला चांगले बालशिक्षण कुठे मिळेल याचा शोध त्या घेत होत्या. त्या शोधात त्यांना भावनगरचे गिजुभाई बधेका भेटले.

गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसे शिकवावे या विचारात माँटेसरीबाईंचे पुस्तक हाती आले आणि वकिली सुटली. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. तिथे छडी नव्हती, घोकंपट्टी नव्हती. गोष्टी होत्या, खेळ होते, बागकाम होते, गाणी होती. १९२३ मध्ये ताराबाई राजकोटची प्रतिष्ठेची जागा सोडून या कामात आल्या. १९२६ मध्ये दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. 'शिक्षणपत्रिका' गुजरातीत निघत होतीच, १९३३ पासून ताराबाईंनी तिची मराठी आवृत्ती चालवली. घरी मुलांशी कसे वागावे हे या पत्रिकेने कितीतरी मराठी आईबापांना शिकवले.

१९३६ मध्ये त्या मुंबईला आल्या व दादरला शिशुविहार सुरू झाले. शिशुविहार नावारूपाला आले, शिक्षिकांच्या प्रशिक्षणाचे वर्ग भरू लागले. एखादा माणूस इथेच समाधान मानून थांबला असता. पण ताराबाईंच्या मनाला एक गोष्ट टोचत होती. बालशिक्षण शहरातल्या खाऊनपिऊन सुखी कुटुंबांपुरते राहिले होते. माँटेसरीची साधने महाग होती. गरिबाच्या मुलाला ती कोण देणार?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी १९४५ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्यांनी बोर्डी गाठले. बोर्डी हे समुद्रकाठचे गाव, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातले, आजच्या पालघर जिल्ह्यातले. सोबतीला अनुताई वाघ होत्या. तेराव्या वर्षी लग्न व सहा महिन्यांत वैधव्य असा आघात सोसून अनुताई शिक्षिका झाल्या होत्या. पुढची अठ्ठावीस वर्षे या दोघींनी एकमेकींना साथ दिली.

बोर्डीला महागडी साधने नव्हती, म्हणून त्यांनी शिंपले, खडे, बिया, पाने, बांबूचे तुकडे, मातीची भांडी गोळा केली. लहानमोठे ओळखायला शिंपले, मोजायला चिंचोके, रंग ओळखायला फुले. हजारो रुपयांच्या पेटीतून जे शिकवायचे ते गावच्या ओढ्याकाठी फुकट पडलेले होते. फक्त ते पाहणारी नजर हवी होती.

पण दुसरी अडचण मोठी होती. बालवाडी उघडली तरी गावच्या दलित वस्तीतली मुले येईनात. बोलावून, समजावून उपयोग होईना. अशा वेळी मुलांना किंवा आईबापांना दोष देऊन मोकळे होणे सोपे असते. ताराबाईंनी उलट विचार केला. मुले शाळेत येत नसतील तर शाळेने मुलांकडे जावे. त्या साधने घेऊन वस्तीत गेल्या आणि घरापुढच्या अंगणात वर्ग मांडला. तीच अंगणवाडी. आईबापांच्या डोळ्यांसमोर मुले खेळू लागली, शिकू लागली आणि अविश्वास हळूहळू गळून पडला. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. ते पाहायला ताराबाई मात्र नव्हत्या.

१९५७ च्या सुमारास संस्थेचे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. सभोवती वारली समाजाचे पाडे. इथल्या मुलांना सकाळी गुरे घेऊन रानात जावे लागे. मोठ्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असे. शाळेची घंटा त्यांच्यासाठी वाजून उपयोग नव्हता. तेव्हा शिक्षकच गुरांच्या मागे निघाले. झाडाच्या सावलीत वर्ग भरला, एक डोळा गुरांवर आणि एक फळ्यावर. या शाळेला 'कुरणशाळा' म्हणत. भावंडे सांभाळणाऱ्या मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, तिचे नाव 'विकासवाडी'. तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत आणि ताई वर्गात, असा तिढा सुटला. १९६२ मध्ये भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरवले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. अनुताईंनी ते काम १९९२ पर्यंत, आपल्या अखेरपर्यंत, चालवले.

आता आपल्या शाळेकडे वळू. प्राथमिकची सहल बंदच करावी, असे काही पालकांचे म्हणणे आहे. त्यांची काळजी अनाठायी नाही. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात बियास नदीत धरणातून अचानक पाणी सोडले गेले आणि आपल्या हैदराबादच्या एका महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी वाहून गेले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटून १२ मुले व २ शिक्षिका मरण पावल्या. बोटीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती आणि सर्वांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. ज्या घरांतली मुले परत आली नाहीत, त्यांचे दुःख शब्दांपलीकडचे आहे. दुसरीकडे, मुलांना मजा हवी म्हणून दूरच्या करमणूक केंद्रावर दिवसभरासाठी न्यावे, असेही काहींचे मत आहे.

ताराबाईंच्या चरित्राने आम्हांला तिसरी वाट दाखवली. त्यांनी मुलांना कुठे लांब नेले नाही. अंगण, ओढा, कुरण, समुद्राचा काठ, जे दाराशी होते तेच त्यांनी शाळा केले. आणि बाहेर नेले म्हणजे मोकळे सोडले असेही नाही. प्रत्येक मूल कोणाचे, ते कसे येते, त्याच्यासोबत कोण आहे, हे त्यांना ठाऊक असे.

नामपल्लीत राहणाऱ्या आपल्याला काय कमी आहे? बाग-ए-आम, म्हणजे पब्लिक गार्डन्स, आपल्या शेजारी आहे. तिथल्या राज्य पुरातत्त्व संग्रहालयात इजिप्तची ममी आहे आणि अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृतीही आहेत. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता आणि संस्थानाच्या काळात अजिंठ्याची राखण इथल्या सरकारकडे होती. आपल्या मराठी मुलांना ही गोष्ट त्या चित्रांसमोर उभे राहून सांगण्यासारखी दुसरी जागा नाही. त्याच बागेत जवाहर बालभवन आहे. जुनी झाडे आहेत, पक्षी आहेत. नामपल्ली ते असेंब्ली हा मेट्रोचा एका स्थानकाचा प्रवासही पहिलीच्या मुलाला मोठा वाटतो. तिकीट, फलाट, रांग, पिवळी रेघ, सगळे धडेच आहेत.

आमच्या शिक्षकांनी ताराबाईंची दृष्टी समोर ठेवून पुढील आखणी विश्वस्तांपुढे मांडली आहे :

१. पहिली-दुसरीची सहल अर्ध्या दिवसाची आणि शाळेपासून जवळच. तिसरी-चौथीची एका दिवसाची, सूर्यास्तापूर्वी परत येणारी.
२. दोन शिक्षक आधी जाऊन जागा पाहून येतील. प्रवेशाची दारे, स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, सावली, जवळचा दवाखाना आणि सुट्टीचा वार यांची नोंद करतील.
३. दर आठ मुलांमागे एक मोठे माणूस. त्या आठ जणांची नावे त्यांच्याच हाती. निघताना, पोहोचल्यावर, जेवणानंतर आणि परतताना मोजणी.
४. तलाव, नदी, बोट हे प्राथमिकच्या सहलीत नाही.
५. बसमध्ये आसने तितकीच मुले. रस्ता ओलांडताना दोघांचा हात हातात, पुढे एक आणि मागे एक शिक्षक.
६. गळ्यात शाळेचे नाव व दूरध्वनी क्रमांक असलेले ओळखपत्र. मुलाचे नाव बाहेरून वाचता येणार नाही असे आतल्या बाजूला.
७. पालकांची लेखी संमती. दमा, फिट्स, अ‍ॅलर्जी, चालू औषधे यांची माहिती पालकांनी न लपवता द्यावी.
८. पैशांअभावी एकही मूल मागे राहणार नाही. हा भार संस्थेने उचलावा अशी आमची विनंती आहे.

शेवटचा मुद्दा आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो. जी मुले शाळेपर्यंत पोहोचू शकत नव्हती, त्यांच्यासाठी ताराबाईंनी उभे आयुष्य वेचले. सहलीच्या दिवशी वर्गातले एक मूल घरी बसले, तर बाकीच्यांना आपण काय शिकवले?

सहल बसमध्ये चढताना सुरू होते असे नाही. आठवडाभर आधी वर्गात त्या जागेची गोष्ट सांगावी, मुलांनी आपले प्रश्न लिहून न्यावेत. ममी का करीत? अजिंठ्याची चित्रे अंधाऱ्या लेण्यात कशी काढली? आल्यावर एक चित्र, चार ओळी, एक उचलून आणलेले वाळके पान. बागेतली फुले तोडायची नाहीत, हेही त्यातच आले. आईवडिलांनीही घरी आल्यावर खाल्ले काय, असे विचारण्याआधी पाहिले काय, असे विचारावे.

विद्यार्थी मित्रांनो, रांगेत चालणे आणि बाईंनी हाक मारताच ओ देणे, ही तुमची जबाबदारी. पालकहो, आपल्यापैकी ज्यांना अर्धा दिवस देता येईल त्यांनी वर्गशिक्षिकांकडे नाव द्यावे. आठ मुलांमागे एक हा हिशेब आपल्या मदतीशिवाय जुळणार नाही. विश्वस्त मंडळास आमची नम्र विनंती की, भीतीपोटी दार बंद करू नये आणि हौसेपोटी ते सताड उघडेही टाकू नये. मुलांचा हात धरून बाहेर जाता येते, हे कोसबाडच्या टेकडीवर एका मराठी बाईंनी आपल्या आयुष्याने दाखवून दिले आहे. त्यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.