विश्लेषण : १८६५चा शेअर फुगा आणि आजचे क्रिप्टो सापळे, प्रेमचंद रायचंद यांचे आयुष्य काय शिकवते?

नागपूर : मोबाइलवर ग्रुपमध्ये नाव जोडले जाते, हमखास परताव्याचे आमिष मिळते आणि ॲपवर वाढत जाणारा आकडा पाहून लोक आणखी पैसे भरतात. इथेरियममधील गुंतवणुकीच्या नावाखाली झालेल्या अशाच एका फसवणुकीच्या प्रकरणात नागपूर पोलिसांनी २०२२मध्ये लोणावळ्यातून मुख्य संशयिताला अटक केली होती. क्रिप्टो नवी असली तरी हा मोह जुना आहे. सुमारे १६० वर्षांपूर्वी मुंबई त्यात होरपळली. त्या काळातले सर्वात मोठे नाव होते प्रेमचंद रायचंद.

प्रेमचंद रायचंद कोण होते?

प्रेमचंद यांचा जन्म १८३१मध्ये सुरतेत झाला. वडील लाकडाचे व्यापारी. कुटुंब मुंबईत आले आणि प्रेमचंद दलालीत शिरले. इंग्रजी लिहिता-वाचता येणारे पहिले देशी शेअर दलाल अशी त्यांची ओळख सांगितली जाते. तिशीतच ते कापूस आणि शेअर बाजारातील बडे प्रस्थ झाले.

फुगा कसा तयार झाला?

१८६१मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेतील बंदरांची नाकेबंदी झाल्याने इंग्लंडमधील गिरण्यांना कापूस मिळेना. गुजरात, वऱ्हाड आणि हिंगणघाटच्या कापसाला मागणी आली. मुंबईत पैसा ओतला गेला आणि नव्या बँका, वित्त कंपन्या, समुद्रात भराव टाकणाऱ्या कंपन्या निघू लागल्या. बॅक बे कंपनीचा ५ हजार रुपये भरलेला शेअर ५० हजारांच्या घरात गेला. भराव मात्र अजून व्हायचाच होता.

कंपनी नेमके काय करते, यापेक्षा तिच्यामागे प्रेमचंद आहेत का, हे लोक पाहत. बँक ऑफ बॉम्बे शेअर तारण ठेवून कर्ज देई आणि त्याच पैशातून पुन्हा शेअर घेतले जात.

पुढे काय झाले?

एप्रिल १८६५मध्ये युद्ध संपत आले आणि कापसाचे भाव गडगडले. वायद्याचे सौदे १ जुलै १८६५ रोजी पुरे करायचे होते, पण अनेकांकडे पैसाच नव्हता. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांवर गेलेला शेअर ८७ रुपयांवर आला. १८६८मध्ये ही बँक बुडाली. प्रेमचंदही कर्जात बुडाले, तरी हळूहळू सावरले. १९०६मध्ये त्यांचे निधन झाले. तेजीच्या काळात, १८६४मध्ये, त्यांनी दिलेल्या देणगीतून मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. त्याला त्यांच्या आईचे नाव आहे.

या मंदीची झळ टाटा कुटुंबालाही बसली. पुढे जमशेदजी टाटा यांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. कापूस आत जायचा, कापड बाहेर यायचे. नफा कुठून येतो, हे उघड दिसत होते.

क्रिप्टोशी याचा संबंध काय?

प्रेमचंद आजच्या सायबर भामट्यांसारखे नव्हते. त्यांनी स्वतःचाही पैसा गमावला. म्हणूनच धडा मोठा आहे : माणूस नावाजलेला असला म्हणून योजना भक्कम ठरत नाही. २०२२मध्ये एफटीएक्स हे क्रिप्टो एक्स्चेंज कोसळले, तेव्हा त्याच्याशी संबंधित अल्मेडा कंपनीच्या मालमत्तेत एफटीएक्सनेच काढलेल्या टोकनचा मोठा वाटा होता. कागदाला कागदाचाच आधार, हा जुनाच प्रकार.

धोका कसा ओळखावा?

• परतावा कोणत्या व्यवसायातून येतो, हे विचारा. नवे सभासद आणल्यावर कमिशन मिळत असेल, तर दूर राहा.

• क्रिप्टोचा भाव सतत खाली-वर होतो. त्यामुळे दरमहा ठरावीक परताव्याची हमी हीच धोक्याची घंटा.

• ॲपवरचा आकडा म्हणजे पैसा नव्हे. विश्वास बसावा म्हणून सुरुवातीला थोडी रक्कम काढू दिली जाते. नंतर पैसे काढण्यासाठी आधी कर किंवा शुल्क मागितले, तर एक रुपयाही भरू नका.

• मार्च २०२३पासून क्रिप्टो एक्स्चेंज मनी लाँडरिंगविरोधी कायद्याच्या कक्षेत आहेत. एक्स्चेंजची फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी आहे का, ते तपासा. मात्र नोंदणी किंवा नफ्यावरील ३० टक्के कर म्हणजे सरकारी हमी नव्हे.

फसवणूक झाल्यास लाज न बाळगता तत्काळ १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता अधिक.