हाफकिन नावाचा माणूस

परळच्या आचार्य दोंदे मार्गावरची हाफकिन संस्था कुणाला ठाऊक नाही? पण हे हाफकिन कोण, असे विचारले तर आमच्या मुकुंदवाडीत काय किंवा मुंबईत काय, बहुतेकजण गप्प बसतील. नाव उरले, माणूस हरवला.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० सालचा, काळ्या समुद्रावरच्या ओडेसा शहरातला. ज्यू कुटुंबातला हा मुलगा मेचनिकॉफ यांच्या हाताखाली शिकला. शरीरात घुसलेल्या जंतूंना गिळणाऱ्या पेशींचा शोध लावणारे ते हेच. पुढे पॅरिसला पाश्चर संस्थेत ग्रंथपालाची नोकरी धरून हाफकिननी पटकीची लस तयार केली आणि १८९२ साली ती स्वतःलाच टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले.

१८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. सरकारने हाफकिनना बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजातली एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्या बळावर तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती पहिल्यांदा स्वतःच्या अंगात टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात, आपणहून पुढे आलेल्या कैद्यांना.

दिवस कसले होते, पाहा. त्याच मार्चमध्ये पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. जूनमध्ये घरझडत्यांच्या संतापातून रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. सरकारी माणूस दारात दिसला की लोकांच्या पोटात गोळा यायचा. अशा वेळी परक्या माणसाच्या सुईपुढे दंड कोण धरणार? आगाखानांनी स्वतः टोचून घेतले, तेव्हा त्यांच्या अनुयायांना धीर आला.

आणि मग १९०२ चा ऑक्टोबर. पंजाबातल्या मलकोवाल गावी लस टोचलेल्या १०७ जणांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. सगळे एकाच बाटलीतले. ठपका प्रयोगशाळेवर आला, हाफकिन पदावरून दूर झाले. खरे तर बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. माझी उमेद बँकेत खातेवह्या तपासण्यात गेली. चुकीची नोंद कोणत्या टेबलावर झाली हे शोधण्याआधीच साहेबाला जबाबदार धरण्याची घाई मला नवी नाही. हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडले. कलकत्त्याला नेमणूक मिळाली, पण मुंबईची प्रयोगशाळा परत मिळाली नाही. १९२५ मध्ये तिला त्यांचे नाव दिले गेले. १९३० साली ते स्वित्झर्लंडमध्ये वारले, अविवाहित आणि एकटे.

आज हे आठवायचे कारण, सुईच गेली! ऑगस्ट २०२१ मध्ये भारतात आपत्कालीन वापराची मंजुरी मिळालेली अहमदाबादची झायकोव्ह-डी ही माणसांसाठीची जगातली पहिली डीएनए लस. हाफकिनच्या लशीत मारलेले जंतू होते. हिच्यात जंतू नाही, जंतूच्या एका प्रथिनाची कृती तेवढी, डीएनएच्या कड्यावर लिहिलेली. स्नायूत नुसत्या सुईने दिलेल्या डीएनए लशींना माणसाचे शरीर फारशी दाद देत नसे. म्हणून दाबाने बारीक धार त्वचेत सोडतात. तिथे पहारेकरी पेशींची दाटी असते, मेचनिकॉफच्या गिळणाऱ्या पेशींचीच ही भावंडे. त्वचेतल्या पेशी ती कृती वाचून प्रथिन बनवतात, पहारेकरी ते जवळच्या गाठींपर्यंत पोचवतात आणि तिथे प्रतिकाराची फौज तयार होते. सुमारे २८ हजार स्वयंसेवकांच्या चाचणीतल्या अंतरिम हिशेबात लक्षणे असलेल्या कोविडपासून ६६.६ टक्के संरक्षण मिळाले. मात्र डोस तीन घ्यावे लागत.

सुई गेली म्हणून भीती जाईल का? मला तसे वाटत नाही. लोक सुईपेक्षा ती धरणाऱ्या हाताला जास्त भितात. तो हात विश्वासाचा आहे हे दाखवायला हाफकिननी आधी स्वतःचा देह पुढे केला. मलकोवालनंतर त्यांच्यावरचा विश्वास एका पडलेल्या चिमट्यापायी गेला. लस कितीही नवी असो, शेवटच्या माणसाने शेवटच्या बाटलीपर्यंत काळजी घेतली, तरच ती लस.