अर्थविद्येच्या संस्था उभारणारा कुलाब्याचा सुपुत्र

नवी मुंबईची ओळख गेल्या काही वर्षांत बदलली आहे. सीबीडी बेलापूरला रिझर्व्ह बँकेचे कार्यालय आहे. भांडवली बाजाराची नियामक असलेल्या ‘सेबी’ने २००६ मध्ये नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सिक्युरिटीज मार्केट्स ही संस्था स्थापन केली आणि तिचे काम वाशीतून सुरू झाले. २४ डिसेंबर २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील पाताळगंगा येथे या संस्थेच्या विस्तीर्ण संकुलाचे उद्घाटन झाले. शहरातील व्यवस्थापन संस्थांमधून वित्त विषयाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतात. बँका, विमा कंपन्या आणि दलाली पेढ्या यांच्याशी सहकार्य हे अशा अभ्यासक्रमांचे मोठे आकर्षण असते.

अशा भागीदारीत एक जुना प्रश्न दडलेला आहे. पैशाचे शास्त्र शिकवणाऱ्या संस्थेने सरकार आणि उद्योग यांच्या किती जवळ जावे आणि किती अंतर राखावे? ज्या जिल्ह्याच्या भूमीवर पनवेल, उरण, खारघर आणि पाताळगंगा वसले आहेत, त्याच जिल्ह्याच्या एका सुपुत्राने या प्रश्नाचे उत्तर आपल्या कामातून दिले होते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे माजी अर्थमंत्री चिंतामण द्वारकानाथ देशमुख हे ते सुपुत्र होत.

वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगड किल्ल्याच्या परिसरातील, महाडजवळच्या नाते या गावी झाला. वडील द्वारकानाथ हे वकील होते. बालपण रोह्यात गेले. कुंडलिकेच्या काठच्या या गावातून आलेला मुलगा १९१२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिला आला. संस्कृतसाठीची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यानेच पटकावली. एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षणानंतर १९१५ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिजच्या जीझस कॉलेजात दाखल झाले.

तेथे त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे विषय घेतले. १९१७ मध्ये वनस्पतिशास्त्रातील फ्रँक स्मार्ट पारितोषिक त्यांना मिळाले. पुढे देशाच्या चलनाची सूत्रे ज्यांच्या हाती आली, त्यांच्याकडे अर्थशास्त्राची वा वाणिज्याची पदवी नव्हती. १९१८ मध्ये लंडनला झालेल्या आयसीएस परीक्षेत ते पहिले आले. परकीय सरकारची ही नोकरी पत्करावी की नाही, या पेचात त्यांनी त्या वेळी लंडनमध्ये असलेल्या लोकमान्य टिळकांचा सल्ला घेतला आणि हा अनुभव स्वतंत्र भारताच्या उपयोगी पडेल, असे लोकमान्यांनी सांगितले, अशी आठवण सांगितली जाते.

१९२० मध्ये ते मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या सेवेत रुजू झाले. जमीन महसुलाची फेरआकारणी, जिल्ह्याचा कारभार आणि प्रांताचे अर्थखाते अशा पायऱ्या त्यांनी चढल्या. रायपूर जिल्ह्याच्या जमाबंदीचे काम त्यांच्याकडे होते. शेताची प्रत, पिकाचा उतारा आणि रयतेची सारा भरण्याची ताकद यांचा हिशेब मांडताना अर्थकारणाचे पहिले धडे त्यांनी गावोगाव फिरून घेतले. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयातही त्यांनी काम केले.

रिझर्व्ह बँकेत

जुलै १९३९ मध्ये देशमुख रिझर्व्ह बँकेत संपर्क अधिकारी म्हणून आले. बँक स्थापन होऊन अवघी चार वर्षे झाली होती. काही महिन्यांतच ते केंद्रीय मंडळाचे सचिव झाले आणि १९४१ च्या डिसेंबरात डेप्युटी गव्हर्नर. फेब्रुवारी १९४३ मध्ये गव्हर्नर सर जेम्स टेलर यांचे निधन झाले. त्यानंतर ११ ऑगस्ट १९४३ रोजी देशमुख यांची त्या पदावर नियुक्ती झाली. पहिल्यांदाच हे पद एका भारतीयाकडे आले होते.

काळ कठीण होता. युद्धखर्चामुळे नोटांचा पुरवठा फुगला होता, भाववाढ झाली होती आणि बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मरत होती. ब्रिटनने युद्धासाठी भारतातून घेतलेल्या माल व सेवांच्या बदल्यात लंडनमध्ये पौंडांच्या रूपात शिल्लक साचत होती. युद्ध संपले तेव्हा ही रक्कम एक अब्ज पौंडांहून अधिक झाली होती. ती परत कशी आणि कधी मिळणार, हा देशापुढचा प्रश्न होता.

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रांची परिषद भरली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा जन्म तेथे झाला. भारताच्या शिष्टमंडळाचे नेते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील अर्थसदस्य सर जेरेमी रेझमन होते आणि देशमुख, ए. डी. श्रॉफ, षण्मुखम चेट्टी हे सदस्य होते. पारतंत्र्यातील देशाच्या या प्रतिनिधींनी लंडनमधील शिलकीचा प्रश्न आणि मागास देशांच्या विकासाचा मुद्दा आग्रहाने मांडला. नाणेनिधीत भारताला ४० कोटी डॉलरचा वाटा मिळाला. १९५० मध्ये पॅरिसला भरलेल्या या दोन्ही संस्थांच्या संयुक्त वार्षिक सभेचे अध्यक्षपद देशमुख यांनी भूषवले.

फाळणी झाली, पण मध्यवर्ती बँक लगेच विभागता येण्यासारखी नव्हती. जून १९४८ अखेरपर्यंत रिझर्व्ह बँकेने भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांसाठी काम केले. दोन्ही बाजूंच्या संशयाच्या वातावरणात हिशेब चोख ठेवण्याची जबाबदारी देशमुख यांच्यावर होती. १ जानेवारी १९४९ रोजी खासगी भागधारकांची रिझर्व्ह बँक सरकारी मालकीची झाली. ते स्थित्यंतरही त्यांच्याच कारकिर्दीत पार पडले.

त्यांच्या काळात बँकेचे संशोधन व सांख्यिकीचे काम नव्याने उभारले गेले. १९४५ पासून ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष होते आणि हे नाते जवळपास दोन दशके टिकले. १९४८ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत त्यांनी काळे स्मृती व्याख्यान दिले आणि भारतातील मध्यवर्ती बँकिंगचा आढावा घेतला. पदावर असताना स्वतःच्या संस्थेच्या कामाची अशी जाहीर उजळणी अभ्यासकांपुढे करण्याचा प्रघात त्या काळी दुर्मीळ होता.

अर्थमंत्री आणि उद्योग

१९५० मध्ये नियोजन आयोग स्थापन झाला आणि देशमुख त्याचे सदस्य झाले. त्याच वर्षी जॉन मथाई यांच्या राजीनाम्यानंतर अर्थखाते त्यांच्याकडे आले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते आपल्या कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. १९५३ मध्ये नियोजन आयोगातील सहकारी दुर्गाबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांच्या पहिल्या पत्नी रोझिना यांचे १९४९ मध्ये निधन झाले होते. नोंदणी पद्धतीने झालेल्या या साध्या विवाहाचे एक साक्षीदार पंतप्रधान जवाहरलाल नेहरू होते.

सहा वर्षांच्या कारकिर्दीत देशाच्या वित्तव्यवस्थेचा सांगाडा बदलला. १ जुलै १९५५ रोजी इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याचे बंधन तिच्यावर आले. जानेवारी १९५६ मध्ये देशी-परदेशी मिळून २४५ विमा कंपन्या व सोसायट्यांचा आयुर्विम्याचा व्यवसाय सरकारने ताब्यात घेतला. त्यातून आयुर्विमा महामंडळ उभे राहिले.

राष्ट्रीयीकरण करणारा हा अर्थमंत्री उद्योगांचा वैरी मात्र नव्हता. जागतिक बँक, सरकार आणि भारतीय उद्योग यांच्या सहकार्याने १९५५ मध्ये खासगी कारखान्यांना दीर्घ मुदतीचे कर्ज देणारी ‘आयसीआयसीआय’ स्थापन झाली, ती याच काळात. १९५६ मध्ये दिल्लीत नॅशनल कौन्सिल ऑफ अप्लाइड इकॉनॉमिक रिसर्च ही स्वतंत्र संशोधन संस्था उभी राहिली. तिच्या पहिल्या नियामक मंडळावर देशमुख, जे. आर. डी. टाटा, जॉन मथाई आणि अशोक मेहता एकत्र बसले. अर्थमंत्री, उद्योगपती आणि समाजवादी नेता यांना एकाच मेजाभोवती आणणारी ही रचना होती. आकडे सर्वांसाठी आणि निष्कर्ष संस्थेचे, हा तिचा पाया होता.

मुंबईसाठी राजीनामा

१९५६ च्या जानेवारीत मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर झाला. मुंबई पेटली आणि पोलिसांच्या गोळीबारात अनेकांचे बळी गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पुढे हुतात्म्यांची संख्या शंभरावर गेली. देशमुख यांनी तेव्हाच पद सोडण्याची इच्छा व्यक्त केली होती. जुलै १९५६ मध्ये ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले. लोकसभेतील निवेदनात त्यांनी गोळीबाराची चौकशी नाकारल्याबद्दल सरकारला दोष दिला आणि पंतप्रधानांच्या निर्णयपद्धतीवर उघड टीका केली. ज्या नेहरूंनी त्यांच्या विवाहाला साक्ष दिली, त्यांच्याच विरोधात हे निवेदन होते. दुसरी पंचवार्षिक योजना नुकतीच सुरू झालेली असताना त्यांनी हे पाऊल उचलले. एरवी राजकारणाच्या धामधुमीपासून दूर राहिलेला हा प्रशासक त्या दिवसापासून मराठी माणसाच्या मनात कायमचा जाऊन बसला.

हैदराबादचा प्रयोग

मंत्रिपद गेले, तरी संस्थाबांधणीचे काम थांबले नाही. १९५६ ते १९६१ या काळात ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. १९६२ ते १९६७ या काळात त्यांनी दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळले. नोकरी करणाऱ्यांना घरबसल्या पदवी घेता यावी, यासाठी तेथे १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू झाले. १९५९ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी उच्चपदस्थांच्या भ्रष्टाचाराची चौकशी करण्यासाठी निःपक्षपाती न्यायाधिकरण नेमावे, अशी जाहीर मागणी करून त्यांनी पुन्हा एकदा सत्ताधाऱ्यांची नाराजी ओढवून घेतली. ती मागणी मान्य झाली नाही.

नवी मुंबईतील वाचकाला सर्वांत जवळचे वाटावे, असे त्यांचे काम हैदराबादचे आहे. सरकार आणि उद्योग यांनी मिळून १९५६ मध्ये तेथे अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली. इंग्लंडमधील हेन्ली येथील महाविद्यालयाचा नमुना तिच्यापुढे होता. बेला व्हिस्टा या जुन्या राजवाड्यात १९५७ च्या अखेरीस पहिला अभ्यासक्रम सुरू झाला. १९५९ ते १९७३ अशी चौदा वर्षे देशमुख तिच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष होते.

येथे विद्यार्थी कोवळ्या वयाचे नव्हते. सरकारी खात्यांतील, सार्वजनिक उपक्रमांतील आणि खासगी कंपन्यांतील अनुभवी अधिकारी काही आठवडे एकत्र राहत. त्यांचे लहान गट पाडले जात आणि प्रत्येक गटाला एखादा प्रश्न सोडवायला दिला जाई. गटाचे नेतृत्व आळीपाळीने फिरत असे. एरवी परवान्यासाठी अर्ज करणारा आणि तो तपासणारा असे नाते असलेली माणसे येथे एकाच ताळेबंदावर वाद घालत. आर्थिक पाठबळ दोन्ही बाजूंचे असल्याने संस्था कोणा एकाची मिंधी नव्हती. उद्योगाशी भागीदारी करूनही शिक्षणाची सूत्रे संस्थेकडे ठेवण्याचा हा भारतातील आरंभीचा मोठा प्रयोग होता.

१९६९ मध्ये राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाच्या पाठिंब्यावर ते उभे राहिले आणि तिसऱ्या क्रमांकावर राहिले. १९७५ मध्ये त्यांना पद्मविभूषण किताब मिळाला. या साऱ्या धबडग्यात संस्कृतचा व्यासंग सुटला नाही. कालिदासाच्या मेघदूताचा त्यांनी मराठीत पद्यानुवाद केला, तर गांधीजींची वचने संस्कृत श्लोकांत गुंफली. दुर्गाबाईंचे १९८१ मध्ये निधन झाले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे चिंतामणरावांनी जगाचा निरोप घेतला. आदल्याच वर्षी त्यांच्या कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले होते.

त्यांनी घडवलेल्या व्यवस्थेतील बरेच काही नंतर बदलले. विमा क्षेत्र १९९९ च्या कायद्याने पुन्हा खासगी कंपन्यांना खुले झाले. ‘आयसीआयसीआय’ २००२ मध्ये आपल्याच बँकेत विलीन झाली. नियोजन आयोग २०१५ च्या आरंभी इतिहासजमा झाला. हैदराबादचे महाविद्यालय आणि दिल्लीची संशोधन परिषद मात्र आजही काम करीत आहेत. वाशी, बेलापूर, खारघरच्या वर्गांतून दरवर्षी बाहेर पडणारे तरुण उद्या बँकांच्या कर्जविभागांत, निधी व्यवस्थापनात आणि नियामकांच्या कार्यालयांत बसतील. सामान्य ठेवीदाराची पुंजी त्यांच्या सहीवर अवलंबून असेल. अभ्यासक्रमाचा खर्च उचलणाऱ्या कंपनीची चूकही त्यांना वर्गात मोकळेपणाने मांडता यायला हवी. तशी मुभा देणारी संस्था कशी बांधावी, याचा दाखला रोह्यात वाढलेल्या या वनस्पतिशास्त्रज्ञाने घालून दिला आहे.