रॉबर्ट कॉख : हिवताप, लहान मुले आणि क्विनाईन

क्षयरोगाचा जंतू शोधणारे शास्त्रज्ञ म्हणून रॉबर्ट कॉख सर्वांना ठाऊक आहेत. हिवतापाच्या उपचारांत लहान मुलांना केंद्रस्थानी आणण्याचे त्यांचे कार्य मात्र काहीसे उपेक्षित राहिले.

कॉख यांचा जन्म जर्मनीतील क्लाउस्थाल येथे ११ डिसेंबर १८४३ रोजी झाला. त्यांनी १८८२ मध्ये क्षयरोगाचा जंतू जगासमोर आणला. १८८४ मध्ये कोलकात्यात पटकीच्या जंतूचा छडा लावला. १८९७ मध्ये प्लेगच्या अभ्यासासाठी ते मुंबईतही आले होते. मात्र १८९० मध्ये क्षयावरील उपाय म्हणून घाईने जाहीर केलेले ट्युबरक्युलिन निष्फळ ठरले. काही रुग्ण दगावले आणि कॉख यांच्या कीर्तीला धक्का बसला.

१८९९ मध्ये ते हिवतापाच्या अभ्यासासाठी जावा बेटावर आणि तेथून न्यू गिनीत गेले. स्थानिकांच्या रक्ताची तपासणी करताना त्यांना आढळले, की हिवतापाचे परजीवी लहान मुलांच्या रक्तात विपुल असतात, तर प्रौढांत जवळजवळ नसतात. वारंवार आजारी पडूनच प्रतिकारशक्ती येते, हे त्यांनी ताडले. वरवर निरोगी दिसणारी मुलेही रोगाचा साठा बाळगतात, हेही स्पष्ट झाले. ताप उतरला म्हणजे रुग्ण बरा झाला, असे न मानता त्यांनी रक्त तपासून क्विनाईन दिले आणि पुढेही ठरावीक अंतराने ते चालू ठेवले. स्टेफान्सोर्ट येथे काही महिन्यांत रोग ओसरला. परंतु केवळ क्विनाईनच्या बळावर तो कायमचा हटला नाही.

१९०५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर पूर्व आफ्रिकेत निद्रारोगावर अ‍ॅटॉक्सिल देताना त्यांनी मात्रा वाढवली आणि काही रुग्णांची दृष्टी कायमची गेली. वसाहतींतील असहाय रुग्णांवर झालेले हे प्रयोग त्यांच्या चरित्रावरील डाग ठरले. २७ मे १९१० रोजी बाडेन-बाडेन येथे त्यांचे निधन झाले.

त्यानंतर शंभर वर्षांनी, २०१० मध्ये, आफ्रिकेतील नऊ देशांत तीव्र हिवतापाच्या ५,४२५ मुलांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. क्विनाईन दिलेल्या मुलांपैकी १०.९ टक्के, तर आर्टेसुनेट दिलेल्यांपैकी ८.५ टक्के मुले दगावली. कॉख यांच्या भरवशाच्या औषधाची जागा अखेर दुसऱ्या औषधाने घेतली. आजही आफ्रिकेतील हिवतापाच्या बळींपैकी सुमारे तीन चतुर्थांश पाच वर्षांखालील मुले असतात. मुलांच्या रक्ताकडे पाहण्याची कॉख यांची दृष्टी आणि त्यांच्या घाईने शिकवलेला धडा, या दोहोंची गरज म्हणूनच संपलेली नाही.