बाप्तिस्मा आणि नवा जन्म : पंडिता रमाबाईंची जीवनयात्रा

सह्याद्रीच्या दक्षिण भागातील गंगामूळ नावाच्या अरण्यात, एका विद्वान ब्राह्मणाच्या आश्रमात, २३ एप्रिल १८५८ रोजी एक कन्या जन्मास आली. तिचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे व्युत्पन्न पंडित होते. तरुणपणी ते आपल्या गुरूंबरोबर पुण्यास पेशव्यांच्या वाड्यात जात असत. तेथे पेशव्यांच्या पत्नीच्या मुखातून संस्कृत श्लोक त्यांच्या कानी पडले, आणि आपल्या पत्नीलाही ही विद्या द्यावयाचीच असा निश्चय त्यांनी केला. स्त्रीला देववाणी शिकविणे त्या काळच्या समाजाला रुचणे शक्य नव्हते. तेव्हा शास्त्रीबुवांनी गाव सोडले व रानात आश्रम बांधला. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई तेथे विदुषी झाली, आणि याच मातेने पहाटेच्या वेळी कन्येकडून भागवतातील सहस्रावधी श्लोक पाठ करवून घेतले. हीच कन्या पुढे पंडिता रमाबाई या नावाने जगास विश्रुत झाली.

त्यांच्या समाजकार्याविषयी आपल्या पाठ्यपुस्तकांतून थोडेफार वाचावयास मिळते. परंतु त्यांच्या अंतःकरणात आयुष्यभर जो एक प्रश्न घोळत राहिला, त्याची ओळख आपल्याला क्वचितच असते. पाण्याने मनुष्य शुद्ध होतो काय, आणि होत असल्यास ते पाणी नेमके काय करते, हा तो प्रश्न होय.

बालपणापासूनच त्यांचा या प्रश्नाशी संबंध आला. आश्रमातील द्रव्य अतिथिसत्कारात सरल्यावर हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थाटनास निघाले. नद्यांची स्नाने, उपवास, ब्राह्मणभोजने, दाने, शास्त्रात सांगितलेले सर्व काही त्यांनी निष्ठेने केले. अशातच मद्रास प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. १८७४ साली अनंतशास्त्री वारले, आणि त्यांच्यामागून थोड्याच काळात लक्ष्मीबाई व थोरली बहीण कृष्णाबाईही गेल्या. उरले फक्त श्रीनिवास व रमा. ही दोघे भावंडे अनवाणी, अर्धपोटी, उत्तरेस काश्मीरपर्यंत पायी हिंडली. तीर्थांवरची श्रद्धा त्या वाटचालीत हळूहळू ढासळत गेली.

१८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या तरुणीच्या संस्कृत वाणीने थक्क होऊन तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. याच नगरीत त्यांनी ख्रिस्ती लोकांची प्रार्थना प्रथम पाहिली. मंडळी खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकीत होती. हे लोक खुर्च्यांचीच पूजा करतात की काय, असे या भावंडांना वाटले! पुढे श्रीनिवास वारला. १८८० साली रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातिबंधन मोडून विवाह केला व त्या आसामात सिल्चर येथे राहू लागल्या. घरातील ग्रंथसंग्रहात त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली, आणि आयझॅक अ‍ॅलन नावाच्या बॅप्टिस्ट मिशनऱ्याशीही परिचय झाला. परंतु कन्या मनोरमा वर्षाची होण्यापूर्वीच, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पटकीने पतीचे निधन झाले. त्याच वर्षी रमाबाई पुण्यास आल्या. त्यांनी आर्य महिला समाज स्थापला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली, आणि १८८३ साली वैद्यकशास्त्र शिकण्याच्या इच्छेने त्या लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या.

पुढील हकीकत समजण्यासाठी येथे थोडे थांबून एका वादाची ओळख करून घेतली पाहिजे. निकदेम नावाचा एक शास्त्री रात्री येशूकडे आला असता, पाणी व आत्मा यांपासून नव्याने जन्मल्यावाचून देवाच्या राज्यात प्रवेश नाही, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळाले, अशी कथा योहानाच्या शुभवर्तमानात आहे. मराठीत पुनर्जन्म म्हटले की मृत्यूनंतरचा जन्म असाच अर्थ होतो, म्हणून येथे नवा जन्म हाच शब्द बरा. उपनयनाने मनुष्य द्विज होतो ही कल्पना ज्यांच्या परिचयाची आहे, त्यांना याच देहातील दुसऱ्या जन्माची भाषा अगदीच अनोळखी वाटू नये. परंतु हा जन्म होतो केव्हा? रोमन कॅथलिक व पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्या सांगतात की, तो स्नानसंस्कारातच होतो. म्हणून त्या तान्ह्या मुलांनाही तो देतात. बॅप्टिस्ट पंथ म्हणतो की, आधी स्वतःची श्रद्धा व पश्चात्ताप, मग त्याची साक्ष म्हणून पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा. अजाण बालकाला तो कसा द्यावा? क्वेकर मंडळी व मुक्तिफौज तर पाण्याचा विधी करीतच नाहीत. आणि इंग्लंडच्या चर्चमध्ये दोन्ही मतांचे लोक एकाच छपराखाली नांदत होते. गॉरहॅम नावाच्या धर्मोपदेशकाने, बाप्तिस्म्यासरशी नवा जन्म होतोच असे नाही, असे प्रतिपादिल्यावरून एक्सेटरच्या बिशपांनी त्याला नेमणूक नाकारली. प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन १८५० साली निकाल गॉरहॅमच्या बाजूने लागला. आत्म्याचा जन्म केव्हा होतो हे न्यायासनाने ठरवावे, ही गोष्ट मोठी विलक्षणच म्हणावयाची.

रमाबाई उतरल्या त्या वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीसंघाकडे. हा संघ संस्कारांचे माहात्म्य मानणाऱ्या उच्च परंपरेचा होता. या भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातील एक आश्रम दाखविला. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथे मायेने वागवीत. आपल्या शास्त्रांत अशा स्त्रियांना दयेची जागा न आढळलेल्या रमाबाईंना हे पाहून गहिवरून आले. विहिरीवरील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांनी तेव्हा नव्या दृष्टीने वाचली. पुण्यातील परिचित फादर नीळकंठशास्त्री गोऱ्हे, जे स्वतः काशीचे पंडित असून १८४८ साली ख्रिस्ती झाले होते, त्यांच्या पत्रांनी व लेखांनी उरलेल्या शंकांचे बरेचसे निरसन केले. याच सुमारास सोबतीण आनंदीबाई भगत यांचा परदेशात मनाचा तोल ढळून शोचनीय अंत झाला. त्या आघातानंतर थोड्याच दिवसांनी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला.

त्याच दिवशी मनोरमेलाही बाप्तिस्मा देण्यात आला. माता पंचविशीतील, षड्दर्शने जाणणारी, पदोपदी शंका विचारून आलेली. कन्या जेमतेम अडीच वर्षांची, काय चालले आहे याची गंधवार्ता नसलेली. विधी मात्र एकच. वर सांगितलेला सारा वाद या एका दृश्यात सामावलेला आहे, असे मला वाटते.

भगिनींची अपेक्षा अशी की, बाप्तिस्मा घेणारीने चर्चची सर्व शिकवण विनम्रपणे स्वीकारावी. रमाबाईंचे मन तसे घडलेलेच नव्हते. त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचे ईश्वरत्व, अथनाशियसचा मतांगिकार यांविषयी त्यांनी पत्रांतून प्रश्नांवर प्रश्न विचारले. आपण ख्रिस्ताच्या सार्वत्रिक मंडळीत आलो आहोत, एखाद्या पंथाच्या दावणीला बांधले गेलो नाही, ही त्यांची भूमिका होती. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, येथपर्यंत त्यांनी वाद घातला. चेल्टनहॅमच्या स्त्रीविद्यालयात त्या शिकत व संस्कृत शिकवीत असता, त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही यावर हिंदुस्थानातील बिशपांनी प्रतिकूल मत दिले, तेही त्यांनी मुकाट्याने मानले नाही. सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाई प्रेमाने आजीबाई म्हणत. या आजीबाईंना शिष्येच्या वादात अहंकार दिसे, आणि शिष्येला आजीबाईंच्या आग्रहात सत्ता दिसे. मनोरमेचे धर्मशिक्षण कोणाच्या हाती असावे, हा त्यांतला सर्वांत नाजूक विषय होता. दोघींचे प्रेम खरे होते, म्हणूनच ही पत्रे इतकी बोचरी झाली.

१८८६ साली रमाबाई अमेरिकेस गेल्या. त्यांचा उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरील इंग्रजी ग्रंथ तेथे गाजला, आणि साहाय्यक मंडळ स्थापन झाले. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढे ते पुण्यास नेले. धर्मोपदेश करावयाचा नाही, ही त्याची अट होती.

१८९१ च्या सुमारास त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र आले. हे गृहस्थ कॉर्नवॉलमधील एका चर्चचे अधिकारी. बाप्तिस्मा झालेला, दीक्षा झालेली, विधींचे मोठे अभिमानी. असे असूनही आपल्याला नवा जन्म मिळालेलाच नाही, अशी रुखरुख त्यांना लागली. आणि १८५१ साली एके दिवशी व्यासपीठावर उपदेश करीत असतानाच त्यांचे मन पालटले. श्रोत्यांपैकी एकाने, आपले उपदेशकच ख्रिस्ती झाले, असा पुकारा केला! हे वाचताना रमाबाईंना जणू आपलेच चित्र दिसले. ख्रिस्ती धर्म आपल्याला सापडला, परंतु त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नाही, हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानी आले. काही पुण्य वा पांडित्य गाठी न बांधता, रिकाम्या हाताने त्या शरण गेल्या, आणि मनाला शांती लाभली, असे त्यांनी पुढे १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात सांगितले आहे.

येथे मतभेद पुन्हा उभा राहतो. वाँटेजच्या भगिनींच्या दृष्टीने बीज १८८३ सालीच पेरले गेले व १८९१ साली त्याला अंकुर फुटला. बॅप्टिस्ट मनुष्य म्हणेल, नवा जन्म १८९१ चा. आधीचा विधी वेळेपूर्वी झाला. रमाबाई स्वतः दुसऱ्या मताकडे झुकल्या, परंतु पहिल्या बाप्तिस्म्याची त्यांनी कधी हेटाळणी केली नाही.

या शांतीची किंमतही द्यावी लागली. त्या पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. दार लावून घ्यावे, असे हितचिंतकांनी सुचविले. त्यांनी ते मानले नाही. केसरीने टीकेची झोड उठविली. ऑगस्ट १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले, आणि अनेक पालकांनी आपल्या मुली नेल्या. अटीचा अर्थ पालकांनी तसा लावला यात त्यांचा दोष काढता येत नाही. आणि दार न लावणाऱ्या बाईंचाही काढवत नाही.

पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन रमाबाईंनी शेकडो मुली वाचविल्या व पुण्याजवळ केडगाव येथे मुक्ति सदन उभारले. आपल्या गुजरातेत आजही वृद्ध माणसे ज्याला छप्पनियो म्हणून ओळखतात, तो संवत १९५६ चा, म्हणजे इ. स. १९०० च्या सुमाराचा दुष्काळ आला, तेव्हा त्यांच्या कार्यकर्त्या गुजरातेतही फिरल्या. तेथून केडगावास नेलेल्या मुलींनी आश्रम इतका भरला की संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. या मुली शेती, विणकाम व छपाई शिकल्या.

याच मुलींमध्ये जून १९०५ च्या अखेरीस एक विलक्षण जागृती झाली. रडणे, पापांची कबुली, मोठ्याने सामूहिक प्रार्थना यांनी आश्रम दुमदुमला. त्यांना अग्नीचा व पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा झाला, असे म्हटले गेले. म्हणजे पाण्याचा एक, मनाचा दुसरा, आणि आता हा तिसरा! परभाषा बोलणे हीच त्याची खूण, असे लॉस एंजेलिस येथे १९०६ मध्ये सुरू झालेल्या चळवळीतील पुष्कळांचे मत पडले. केडगावातही काही मुली तशा बोलल्या. रमाबाईंनी ते दडपले नाही. परंतु परिपूर्ण प्रीती हीच आवश्यक खूण होय, असे त्यांनी स्पष्टपणे मांडले. त्यांच्या सहकारी मिनी एब्रम्स यांची या विषयावरील पुस्तिका दूर दक्षिण अमेरिकेत चिली देशातील हूवर दांपत्याच्या हाती गेली, आणि तेथे १९०९ साली तशीच जागृती होऊन स्वतंत्र मंडळी निघाली. गंमत अशी की, त्या मंडळीने तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देण्याची जुनी चाल मात्र सोडली नाही.

रमाबाई कानांनी अधू होत्या, तरी उत्तरायुष्यात हिब्रू व ग्रीक भाषांतून संपूर्ण बायबल मराठीत आणण्याचे काम त्यांनी आरंभिले. पंडितांची भाषा त्यांनी मुद्दाम टाळली. दळण दळणाऱ्या, अक्षरओळख नुकतीच झालेल्या बाईलाही कळावे अशी सोपी मराठी त्यांनी घडविली, आणि खिळे जुळविण्यापासून छापण्यापर्यंतची कामे आश्रमातील स्त्रियांनीच केली. अडीच वर्षांची असताना वाँटेजला बाप्तिस्मा झालेली मनोरमा मोठेपणी आईचा उजवा हात बनली होती. ती २४ जुलै १९२१ रोजी निवर्तली. एकाकी माता भाषांतर पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे वारली, आणि तो ग्रंथ १९२४ साली आश्रमाच्या छापखान्यातून बाहेर पडला.