इंटरनेटचा तलाठी : जॉन पोस्टेल

गावात जमिनीवरून भांडण झालं की शेवटी सगळे तलाठ्याच्या दप्तराकडे धावतात. सातबारा उताऱ्यावर काय लिहिलंय ते बघा म्हणतात. इंटरनेटलाही असाच एक तलाठी होता. त्याने जवळजवळ तीस वर्षं हे दप्तर सांभाळलं, आणि तेही कोणी निवडून न देता.

मित्रांनो, लॅबमधल्या कुठल्याही लिनक्स मशीनवर ईटीसी डिरेक्टरी उघडून बघा. सिस्टिमच्या बहुतेक सेटिंग्ज तिथे साध्या टेक्स्ट फाईल्समध्ये असतात. त्यातच सर्व्हिसेस नावाची एक फाईल सापडेल. तिच्या प्रत्येक ओळीत एक नाव आणि एक नंबर. एफटीपी २१, एसएसएच २२, टेलनेट २३, एसएमटीपी २५, डोमेन ५३, एचटीटीपी ८०. व्हायवाच्या आदल्या रात्री आपण हे नंबर घोकतो, पण मेलला २५ च का आणि ते ठरवलं कोणी, हा प्रश्न सहसा पडत नाही. मशीन कोणत्याही कंपनीचं असो, हे नंबर जगभर सारखे. ते सारखे राहावेत म्हणून ज्यांनी आयुष्य वेचलं, ते जॉन पोस्टेल.

त्यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी कॅलिफोर्नियातील आल्टाडेना येथे झाला. शाळा व्हॅन नाइस हायस्कूल. गंमत म्हणजे व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हेही त्याच शाळेचे! पुढे तिघेही यूसीएलए विद्यापीठात एकत्र आले. पोस्टेल यांनी १९६६ मध्ये इंजिनिअरिंगची पदवी घेतली, १९६८ मध्ये मास्टर्स आणि १९७४ मध्ये कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएच.डी. मिळवली.

१९६९ मध्ये अर्पानेट या नेटवर्कचं पहिलं केंद्र यूसीएलएमध्येच सुरू झालं. नियम कसे असावेत हे सांगणारं कोणी नव्हतं. मग या विद्यार्थ्यांनीच टिपणं लिहायला सुरुवात केली. त्यांना आरएफसी म्हणतात. पहिलं टिपण क्रॉकर यांचं, पण ती सगळी गोळा करून, तपासून, क्रमांक देऊन जपण्याचं काम पोस्टेल यांच्याकडे आलं. ते त्यांनी शेवटपर्यंत केलं. आयपी आणि टीसीपीची १९८१ ची मूळ स्टँडर्ड्स त्यांनी संपादित केली. यूडीपी (१९८०) आणि मेलचं एसएमटीपी (१९८२) तर त्यांच्याच नावावर आहे. म्हणजे आपला अर्धा नेटवर्किंगचा सिलॅबस एका माणसाच्या टेबलावरून गेलेला आहे!

दुसरं काम नंबरांचं. दोन प्रोग्रॅमनी एकच नंबर धरला तर गोंधळ होणारच. मे १९७२ मध्ये आरएफसी ३४९ मध्ये त्यांनी सुचवलं की नंबर वाटणारा कोणीतरी एक माणूस हवा, आणि तो माणूस तेच झाले. १९७७ पासून त्यांनी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आयएसआय या संस्थेत बसून, जॉइस रेनॉल्ड्स यांच्या साथीने ही यादी चालवली. या कामाला पुढे आयाना असं भारदस्त नाव मिळालं, पण प्रत्यक्षात ऑफिस म्हणजे मोजकी माणसं. पोस्टेल तर लांब दाढी आणि पायात सँडल अशा अवतारात असायचे.

त्यांच्या कामाची पद्धत एका किस्स्यातून कळते. १९९५ मध्ये फिनलंडच्या टाटू यलोनन यांनी एसएसएच लिहिलं. एफटीपीचा २१ आणि टेलनेटचा २३, यांच्या मधला २२ रिकामा होता. त्यांनी आयानाला मेल करून तो मागितला. दुसऱ्याच दिवशी रेनॉल्ड्स यांचं उत्तर आलं, नंबर मंजूर. ना अर्ज, ना फी, ना वशिला! (इथे बोनाफाईड सर्टिफिकेट किती दिवसांनी मिळतं ते आठवून बघा.)

नावांची कथाही तशीच. आधी सगळ्या मशीन्सची नावं आणि पत्ते एकाच फाईलमध्ये असत. एसआरआय या संस्थेत ती तयार व्हायची आणि बाकी सगळे तिची कॉपी उतरवून घ्यायचे. आपल्या ईटीसीमधली हॉस्ट्स फाईल ही त्याच परंपरेतली. मशीन्स वाढल्या तशी ही फाईल पुरेनाशी झाली. पोस्टेल यांनी तो प्रश्न पॉल मोकापेट्रिस यांच्याकडे सोपवला आणि १९८३ मध्ये डीएनएस जन्माला आलं. जुनी फाईल मात्र गेली नाही. आजही बहुतेक लिनक्स सिस्टिम्स नाव शोधताना आधी हॉस्ट्स फाईल बघतात आणि मग डीएनएसला विचारतात. हा क्रम एनएसस्विच डॉट कॉन्फमध्ये लिहिलेला असतो.

देशांची डोमेन्स देताना खरी कसोटी होती. कुठला प्रदेश देश आणि कुठला नाही, यावर तर युद्धं होतात. पोस्टेल यांनी हुशारीने तो निर्णय स्वतःकडे घेतलाच नाही. आयएसओची यादी आधीच तयार होती, तीच त्यांनी वापरली. डॉट इन ची नोंद मे १९८९ ची आहे, आणि सुरुवातीची बरीच वर्षं त्याचा कारभार मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेतून चालायचा.

पण नंतर या नावांमध्ये पैसा आला. १९९५ पासून नेटवर्क सोल्यूशन्स ही कंपनी डॉट कॉमसाठी वर्षाला ५० डॉलर घेऊ लागली. आता दप्तर कोणाचं? कंपनीचं, अमेरिकन सरकारचं, की ज्यांनी ते उभं केलं त्यांचं? २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी रूट सर्व्हर चालवणाऱ्या आठ जणांना मेल केला. तुमच्या सर्व्हरची मुख्य यादी कंपनीच्या मशीनवरून न आणता माझ्या मशीनवरून आणा, इतकंच सांगितलं. सेटिंगमधला एक पत्ता बदलायचा, बस्स. आठही जणांनी तो बदलला. यादी तीच असल्यामुळे जगात कोणाला काही कळलंही नाही, पण वॉशिंग्टनमध्ये खळबळ माजली. क्लिंटन सरकारच्या आयरा मॅगझिनर यांनी बदल मागे घ्यायला लावला. ही एक चाचणी होती असं पोस्टेल यांनी सांगितलं आणि आठवडाभरात सगळं पूर्ववत झालं.

ते बरोबर होते का? यावर अजूनही वाद होतो. एका माणसाच्या एका मेलवर जगाची यादी हलू शकते ही गोष्ट भीतीदायकच आहे. पण त्या आठ जणांनी कुठल्या सहीशिक्क्यामुळे नव्हे, तर तीस वर्षांच्या चोख कामावरच्या विश्वासामुळे ऐकलं, हेही तितकंच खरं. बहुधा पोस्टेल यांनाही कळत होतं की हे दप्तर आता एका माणसावर ठेवता येणार नाही. त्याच वर्षी त्यांनी आयकॅन या नव्या संस्थेचा आराखडा पुढे नेला आणि ३० सप्टेंबरला ती स्थापन झाली. ती नीट चालू झालेली बघणं मात्र त्यांच्या नशिबात नव्हतं. १६ ऑक्टोबर १९९८ रोजी हृदयाच्या ऑपरेशननंतर गुंतागुंत होऊन त्यांचं निधन झालं. वय फक्त ५५.

शाळेपासूनच्या मित्राला व्हिंट सर्फ यांनी श्रद्धांजली वाहिली ती आरएफसीमधूनच, क्रमांक २४६८. अमेरिकन सरकारचं या यादीवरचं नियंत्रण १ ऑक्टोबर २०१६ ला संपलं, आणि दप्तर अखेर जगाच्या समुदायाकडे आलं.

आपण इंजिनिअर्स बहुतेक वेळा काहीतरी नवीन शोधून नाव कमवायचं स्वप्न बघतो. पोस्टेल यांनी नोंदी नीट ठेवल्या, वेळेवर उत्तरं दिली आणि आलेल्या कोणाकडूनही फायदा उकळला नाही. पुढच्या वेळी सर्व्हिसेस फाईल उघडली तर नुसती खाली स्क्रोल करू नका. त्या प्रत्येक ओळीमागे असंच कोणीतरी निमूटपणे केलेलं काम आहे.