पुण्याला आलेली पत्रे

मंडळाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असे आपल्या चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा प्रथम मी संकोचले. आपल्या कल्याणच्या डॉक्टर आनंदीबाई जोशी, रमाबाई रानडे, झाशीची राणी यांच्याविषयी आपण सर्वजणी पुष्कळ वाचीत आलो आहोत. त्यांत मी नवे काय सांगणार? मग मनात आले, की ज्यांचे नाव आमच्या घरात पन्नास वर्षे आदराने घेतले गेले, त्या जनरल प्रेमिंद्रसिंग भगत यांची हकीकत लिहावी. ते जन्माने महाराष्ट्रीय नव्हते. तथापि त्यांची पलटण आपल्या खडकीची, त्यांची पत्नी पुण्याची, आणि रणांगणावरून लिहिलेली त्यांची पत्रेही पुण्यालाच येत होती. तेव्हा त्यांना आपले म्हणावयास हरकत नसावी.

आमच्या घराचा आणि त्यांचा संबंध सांगते. माझे मामंजी खडकीच्या सफरमैना पलटणीत साधे शिपाई होते. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर सुरुंग फुटून त्यांचा डावा कान गेला. १९४६ साली परत आल्यावर ते काही दिवस कल्याणच्या मिलिटरी कॅम्पात होते. निर्वासित सिंधी बांधवांची वस्ती होऊन ज्याचे पुढे उल्हासनगर झाले, तोच हा कॅम्प. नंतर त्यांना अंबरनाथच्या कारखान्यात नोकरी लागली आणि बिऱ्हाड डोंबिवलीस आले. डाव्या बाजूने कोणी हाक मारली तर त्यांना ऐकू येत नसे. चाळीतील मंडळींना वाटे, हा गृहस्थ मोठा शिष्ट आहे. मामंजींनी कधी खुलासा केला नाही. फक्त आम्हा मुलासुनांना ते सांगत, की भगतसाहेबांचाही कान असाच गेला होता, आणि तरी ते थांबले नाहीत.

प्रेमिंद्रसिंगांचा जन्म १४ ऑक्टोबर १९१८ रोजी गोरखपूर येथे झाला. वडील संयुक्त प्रांतात सरकारी इंजिनियर होते. आईचे छत्र लहानपणीच हरपले. बाराव्या वर्षाच्या सुमारास ते डेहराडूनच्या लष्करी शाळेत दाखल झाले व पुढे तेथल्याच अकादमीत गेले. शिक्षण पुरे होण्यापूर्वीच वडीलही गेले. अशा रीतीने, १५ जुलै १९३९ रोजी सफरमैनांच्या मुंबई पलटणीत अधिकारी म्हणून नेमणूक झाली, तेव्हा या एकवीस वर्षांच्याही न झालेल्या तरुणाच्या मागे आईबापांचे घर असे उरले नव्हते. दीडच महिन्यांनी महायुद्ध पेटले.

पुण्यात असताना त्यांची मोहिनी भंडारी या तरुणीशी ओळख झाली. मोहिनींचे वडील कर्नल भंडारी हे डॉक्टर होते आणि मुंबई इलाख्याच्या तुरुंग खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. पुढे १९४२ साली गांधीजी, कस्तुरबा व महादेवभाई यांना आगाखान राजवाड्यात स्थानबद्ध केले, तेव्हा त्यांची देखरेख याच कर्नल भंडारींकडे होती. एकाच कुटुंबात जावई इंग्रजांच्या निशाणाखाली लढत आहे आणि सासऱ्यांच्या पहाऱ्यात देशाचा नेता आहे, असा तो विलक्षण काळ होता. आज त्याबद्दल कोणास दोष देणे सोपे आहे. परंतु त्या काळात वावरलेल्या माणसांना आपले कर्तव्य कोणते, हे रोज नव्याने ठरवावे लागले असेल.

सप्टेंबर १९४० मध्ये भगतांची तुकडी, म्हणजे २१वी फील्ड कंपनी, बोटीने आफ्रिकेस रवाना झाली. सुदान आणि ॲबिसिनिया यांच्या सरहद्दीवर इटालियन फौजांशी गाठ होती. त्यांच्या ब्रिगेडचे प्रमुख होते विल्यम स्लिम. पुढे ब्रह्मदेशाच्या लढाईत नाव मिळवून जे फील्ड मार्शल झाले, तेच हे. नोव्हेंबरमध्ये गल्लाबात येथून माघार घेताना शत्रूची वाट अडविण्यासाठी एक मोरी उडवावयाची होती. बिघडलेल्या रणगाड्यांत दारू ठासून ठेवली होती. पण बार नीट उडाला नाही. तेव्हा भगत गोळ्यांच्या माऱ्यातून स्वतः धावत गेले आणि काम पुरे करून आले.

या सर्व काळात ते मोहिनींना पत्रे लिहीत होते. आज परदेशी गेलेल्या मुलाचा चेहरा आपण मोबाईलवर रोज पाहतो. तेव्हा पत्र बोटीने यावयाचे, त्याला कित्येक आठवडे लागावयाचे, आणि वाटेत लष्कराचा तपासनीस ते फोडून वाचावयाचा. आपण कोणत्या गावी आहोत, उद्या कोठे जाणार, किती माणसे आहेत, यातले अक्षरही लिहावयाची मुभा नसे. हातात आलेले पत्र खुशालीचे असले, तरी ते लिहिल्यानंतरच्या आठवड्यांत काय घडले असेल, याची धास्ती उरतेच. पत्र वाचून दिलासा मिळावयाचा तो त्या दिवसापुरताच!

आणि खरोखरच, फेब्रुवारी १९४१ च्या पहिल्या आठवड्यात भगत मृत्यूच्या अगदी दारात उभे होते. मेतेम्मा हे ठाणे सोडून इटालियन फौज गोंदरच्या रस्त्याने मागे हटत होती आणि जाताना सारा रस्ता सुरुंगांनी पेरीत होती. तिच्या पाठलागावर निघालेल्या तुकडीच्या अगदी पुढच्या गाडीत भगत होते. सुरुंग हुडकणारी यंत्रे त्यांच्याजवळ नव्हती. मामंजी आम्हांला हे काम कसे चालते ते अंगणात बसून दाखवीत. आधी नुसती माती पाहावयाची. कोठे रंग वेगळा आहे, कोठे नुकतीच सारखी केल्यासारखी दिसते, कोठे गवत उलटे पडले आहे, ते हेरावयाचे. मग संगिनीचे टोक तिरपे धरून हलके हलके टोचावयाचे. कठीण लागले की हात थांबवून बोटांनी माती बाजूला करावयाची. आपण तांदळातले खडे वेचतो तशी ही वेचणी, फक्त एक खडा चुकला की सारे संपले!

असे चार दिवस, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, ५५ मैलांच्या रस्त्यावर भगतांनी सुरुंगांची १५ क्षेत्रे शोधून साफ करविली. दोनदा त्यांची स्वतःची गाडी सुरुंगावर उडाली व बरोबरीच्या माणसांना प्राणघातक इजा झाली. तिसऱ्या वेळी दबा धरून बसलेल्या शत्रूने जवळून गोळीबार केला. एका स्फोटात त्यांच्या कानाचा पडदा फाटला. थकव्याने उभे राहणे कठीण झाले, तेव्हा वरिष्ठांनी त्यांच्या जागी दुसरा माणूस देऊ केला. त्यांनी तो नाकारला. कारण एवढेच दिले, की या रस्त्यावरचे सुरुंग कसे पेरले आहेत हे आता आपल्याला इतरांपेक्षा अधिक कळू लागले आहे, म्हणून शेवटपर्यंत आपणच जाणे योग्य. ऐन विशीतल्या मुलाच्या या विचारात मला शौर्याइतकाच शहाणपणाही दिसतो. जो शिकला त्याने पुढे व्हावे, नवख्याला मरावयास पाठवू नये, असा त्याचा अर्थ आहे.

१० जून १९४१ रोजी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. दुसऱ्या महायुद्धात हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय अधिकारी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्लीस व्हाइसरॉयच्या हस्ते त्यांना पदक देण्यात आले आणि २४ फेब्रुवारी १९४२ रोजी पुण्यात मोहिनींशी त्यांचा विवाह झाला. पत्रे पाठविणारा आणि पत्रे जपणारी एका घरात आली. हे भाग्य सर्वांच्या वाट्याला आले नाही. आपल्या शेजारच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे यशवंत घाडगे १९४४ साली इटलीत धारातीर्थी पडले आणि त्यांचा व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी स्वीकारला. पदक तेच, एका घरी ते नवऱ्याच्या छातीवर लागले, दुसऱ्या घरी विधवेच्या ओंजळीत पडले.

स्वातंत्र्यानंतर भगत खडकीच्या आपल्या केंद्राचे प्रमुख झाले, पुढे डेहराडूनच्या अकादमीचेही. १९६२ च्या चीन युद्धातील पराभवाची चौकशी करण्यासाठी जनरल हेंडरसन ब्रुक्स यांच्याबरोबर त्यांची नेमणूक झाली. तो अहवाल सरकारने अनेक दशके जनतेपुढे ठेवला नाही. लखनौस मध्य विभागाचे सेनापती असताना गोमतीच्या पुरात त्यांचे जवान लोकांसाठी राबले. १९७२ साली उत्तर विभागाची स्थापना झाली, तेव्हा ते त्याचे पहिले सेनापती झाले. तेथे त्यांनी हिमाच्छादित सरहद्दीवरील जवानांना राहावयास नीट निवारा मिळावा म्हणून विशेष खटपट केली. स्वतः पोरकेपण भोगलेल्या माणसाला घराचे मोल अधिक कळत असावे.

ते सरसेनापती होतील असे पुष्कळांना वाटत होते. पण त्या वेळच्या सरसेनापतींची मुदत वाढविण्यात आली आणि त्या अवधीत भगतांची निवृत्तीची वेळ येऊन ठेपली. ३५ वर्षांची सेवा, छातीवर सर्वोच्च पदक, आणि शेवटची पायरी हातची गेलेली! अशा वेळी माणूस कडवटपणे घरी बसला असता तरी कोणी नाव ठेवले नसते. ते मात्र १९७४ च्या जुलैमध्ये दामोदर खोरे महामंडळाचे अध्यक्ष म्हणून कामावर रुजू झाले. गणवेश उतरवून, फायली, कामगार, कोळसा आणि वीज यांच्या अपरिचित जगात वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी पाऊल टाकले. तेथील वीजनिर्मिती अगदी रसातळाला गेली होती. दहा महिन्यांत ती कितीतरी पटींनी वाढली. भारनियमनाच्या दिवसांत मेणबत्तीच्या उजेडात भाकऱ्या थापलेल्या आपणां कल्याण-डोंबिवलीकर बायकांना, या कामगिरीची थोरवी वेगळी सांगावयास नको. २३ मे १९७५ रोजी अचानक त्यांचे निधन झाले. ते अवघे ५६ वर्षांचे होते.

मोहिनीबाईंना आलेली ती पत्रे मात्र राहिली. त्यांच्या कन्येने त्यांच्या आधारे आईवडिलांची कथा लिहिली व २०१३ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. पदकाची हकीकत सरकारी कागदांत आहेच. पण त्या पदकामागचा तरुण मुलगा आपल्याला भेटतो तो या पत्रांमुळे.

आता आमच्या घरची गोष्ट सांगून लेख पुरा करते. मामंजीही इटलीहून पत्रे पाठवीत. सासूबाई तेव्हा सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी होत्या आणि त्यांना अक्षरओळख नव्हती. शाळेचे मास्तर ओसरीवर बसून पत्र वाचून दाखवीत. सासूबाई दाराआडून ऐकत. सर्व पत्रांत खुशालीच असे. नवरा परत आला, तेव्हा त्यांना कळले की याला एका कानाने ऐकू येत नाही. आपल्याला का कळविले नाही, हा राग त्यांनी मनात तीस वर्षे ठेवला. मामंजी म्हणत, लिहिले होते. त्यांना ते खरे वाटत नसे.

पुढे आमच्या घराजवळ प्रौढ स्त्रियांसाठी साक्षरता वर्ग निघाला, तेव्हा मी सासूबाईंना आग्रहाने त्यात बसविले. साठीच्या घरात पोचलेल्या त्या बाईने दीड वर्षात वाचावयास शिकून घेतले आणि एका दुपारी ट्रंकेतले ते पुडके काढले. बोट ठेवीत, अडखळत त्या वाचीत गेल्या. कान गेल्याचे त्यात लिहिलेले होते. इस्पितळातले दिवस होते, रात्री होणारा त्रास होता, घरी येऊन आपला काही उपयोग होईल की नाही ही काळजीही होती. मास्तरांनी तेवढा भाग वाचताना गाळला होता. तरुण सून एकटी आहे, तिच्या जिवाला घोर नको, एवढाच त्यांचा हेतू असणार. पण त्यामुळे एक नवरा आपले दुःख सांगून मोकळा झालो असे समजत राहिला, आणि एक बायको आपल्याला काहीच सांगितले नाही म्हणून झुरत राहिली.

त्या संध्याकाळी मामंजी कामावरून आले, तेव्हा सासूबाई त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसल्या. त्या दोघांत काय बोलणे झाले ते मी ऐकले नाही. मी स्वयंपाकघरात होते. परंतु त्यानंतर चाळीत कोणी मामंजींना शिष्ट म्हटले, की सासूबाई स्वतः जाऊन खुलासा करीत.

२६ जुलै २००५ च्या पुरात आमच्या तळमजल्याच्या घरात पाणी शिरले आणि ती ट्रंक गेली. मामंजी आणि सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या, हे एका परीने बरेच झाले. मोहिनीबाईंनी जपलेली पत्रे आज कोणालाही वाचता येतात. आमची मला आठवतात तेवढीच.

म्हणून माझ्या मैत्रिणींना एवढेच विनवणे आहे. आपल्यापैकी कित्येकींच्या माळ्यावर आजोबांची, सासऱ्यांची, भावाची जुनी पत्रे असतील. या दिवाळीच्या साफसफाईत ती काढा, उन्हात घाला, आणि घरातल्या मुलांना वाचून दाखवा. मात्र वाचताना काही गाळू नका.